डॉक्टर मॅडम, तुम्ही फरशीवर बसलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,

समोर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

आम्ही माण तालुक्यातले. आमच्याकडची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, तेव्हा माझी लेक सात वर्षांची होती. तेव्हापासून तिला पळण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. तीच पोर चार महिने नडगी धरून बसायची आणि सगळे म्हणायचे, नाटकं करते. आधीच्या दवाखान्यात एक्स-रे उजेडाला धरला, "हाड ठणठणीत आहे" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. पायाला हातसुद्धा लावला नाही. मैदानावर सांगितलं, वजन उतरव, दुखणं जाईल. मीही एकदा तिच्यावर ओरडले होते. ते अजून टोचतं.

तुम्ही मात्र खुर्ची सोडून खाली फरशीवर बसलात. तिचा धुळीने भरलेला पाय मांडीवर घेतलात आणि मला नाही, तिला विचारलंत, "एका बोटाने दाखव बरं, कुठे?" घोट्यापासून वर अंगठ्याने हळूहळू दाबत आलात. त्याच जागी ती कळवळली, तेव्हा तिच्याकडे बघून म्हणालात, "तुझं बरोबर आहे, बाळा." चार महिन्यांत तिला हे कुणीच म्हटलं नव्हतं. परतताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली.

जास्त पळून नडगी नुसती भरून आली असेल तर दुखणं लांबवर पसरतं, बोटाखाली मावणारं दुखणं म्हणजे हाडाला चीर असू शकते आणि ती सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, हे तुम्ही समजावलंत. एमआरआयत ती निघालीच. मग पाळीचं विचारलंत. सहा महिने आली नव्हती. पळणाऱ्या पोरींचं असं होतंच, असं आम्ही धरून चाललो होतो. "सराव वाढला, ताट तेवढंच राहिलं. म्हणून पाळी थांबली, आणि हाड भरून यायलाही अंगात काही उरतच नाही," म्हणालात. त्या दिवसापासून तिच्या ताटात भाकरी, अंडी, दूध मी स्वतः बघते.

पोरीचं म्हणणं खरं मानून ऐकणारं एक माणूस तालुक्या-तालुक्यात असतं, तर किती जणी मैदान सोडून घरी बसल्या नसत्या.

आता ती तुम्ही सांगितल्याप्रमाणे एक मिनिट पळते, चार मिनिटं चालते. मैदानाच्या कडेला घड्याळ धरून मी उभी असते. पुढच्या तपासणीला डिंकाचे लाडू आणतेय, नाही म्हणू नका.

तुमची,
एका धावपटूची आई