कोळसा कधी बंद होणार म्हणतोस?

प्रिय गोट्या,

काय बे, सोलर कंपनीत लागल्यापासून फार पुढचं बोलायला लागलास. "तुमच्या घुग्घुसचा कोळसा अजून किती वर्षं?" म्हणून आमच्या या चंद्रपूरजवळच्या खाणींच्या गावाबद्दल विचारलंस, मेसेजमध्ये मावत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, कोळसा लगेच कुठे चाललेला नाही. २०२४-२५ मध्ये देशात पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर कोळसा निघाला. तुमचं सोलर वाढलंय, मान्य, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच आहे. संध्याकाळी तुमचे पॅनल थंड पडतात आणि तिकडे पुण्यात एसी सुरू होतात तेव्हा चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं स्टेशनच धावून येतं ना यार. आणि दुपारी सोलर जास्त झालं की कोळशाच्या युनिटांना लोड उतरवायचा, ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायची तयारी ठेवा असा आता नियमच आहे. ही जुनी युनिटं सारखा एकाच लोडवर चालायला बांधलेली, रोज असं वरखाली केल्यावर बॉयलरच्या ट्यूबचे हाल होणारच. त्याचा खर्च तुमच्या स्वस्त सोलरच्या हिशोबात कोण धरतं सांग बरं.

पण कोळसा राहिला म्हणून घुग्घुस राहील असं समजू नको. आपल्या अख्ख्या वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीचं, वर्षाचं उत्पादन ७ कोटी टनांच्या आसपास, आणि तिकडे छत्तीसगडात गेवरा नावाची एकच ओपनकास्ट, म्हणजे वरून उकरायची, खाण आहे, तिला एकटीला वर्षाला ७ कोटी टनांची परवानगी आहे. एकच खाण बाप्पा! तिथे थर जाड, कोळसा वरच. आपल्याकडे एक टन कोळशासाठी कितीतरी जास्त माती-मुरूम उकरावा लागतो, शिवाय एका बाजूला वर्धा नदी, दुसरीकडे वाघ. म्हणजे तुझ्या पॅनलच्या आधी गेवराच आपल्या खाणी बंद पाडणार असं मला वाटतं, आणि वरोऱ्याची इंग्रजांच्या काळातली खाण तर १९०६ लाच बंद पडली होती, तेव्हा कुठे होतं सोलर?

नोकऱ्यांचं तर बोलूच नको. बाबा अंडरग्राउंडला होते तेव्हा खाण म्हणजे कायमची नोकरी, क्वार्टर, दवाखाना. आता माती काढायचं बरंचसं काम ठेकेदाराच्या मशिनीवर, पोरगा बारा तास डंपर चालवतो आणि ठेका संपला की घरी. कोल इंडियाच्या कायम कामगारांना २०२४ ला दसऱ्याआधी ९३,७५० रुपये बोनस मिळाला, आमच्या मार्केटमध्ये फ्रिज, टीव्ही, गाड्या त्याच पैशावर विकल्या जातात. पण दरवर्षी माणसं रिटायर होतात आणि त्यांच्या जागा भरतच नाहीत. दुकानात बसून हे मला गल्ल्यावरच दिसतं, त्यासाठी कुठला रिपोर्ट वाचावा लागत नाही.

तुम्ही लोक बंद करायची तारीख मोजता, आम्हाला नंतरचं पडलंय. २०२२ मध्ये आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, आठवतं? खाली जुन्या खाणीची पोकळी. घरातले लोक वेळेवर बाहेर पडले म्हणून वाचले. आणि ज्यांनी दोन एकरामागे एक नोकरी घेऊन जमीन दिली त्यांच्या नातवांना ना जमीन ना नोकरी. ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-मुरुमाचे, एवढे डोंगर उभे आहेत, वर झाडं लावून फोटो काढले की झालं का? ती माती वर्षानुवर्षं बसत राहते, त्यावर कापूस काय येणार.

म्हणून एक काम कर. तुझ्या इंजिनियर लोकांना विचार की ओबीच्या ढिगावर पॅनल लावायचे तर खालची माती किती वर्षं बसू द्यावी लागते, फाउंडेशन कसं धरतं आणि लावून झाल्यावर तिथे माणसं किती लागतात. मला तर वाटतं गवत कापणारे दोघं आणि एक वॉचमन, पण तू खरा आकडा सांग, इथे दोन-चार जण विचारून राहिले. आणि फोनवर नको, लिहूनच पाठव.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत येशील तेव्हा पांढरी गाडी आणू नको, कोळसा भरायच्या रेल्वे सायडिंगच्या रस्त्यावर दोन दिवसांत काळी होते.

तुझाच,
बंड्या