आमच्या प्रयोगशाळेतील काकांस अनावृत आभार पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण सेवानिवृत्त झालात तेव्हा निरोप समारंभात भाषणे झाली ती सगळी प्राध्यापकांची. वनस्पतिशास्त्राच्या आम्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जे म्हणायचे होते ते शाल-श्रीफळाच्या गडबडीत राहून गेले, म्हणून हे पत्र. आपण ते वाचालच. पण प्रयोगशाळा सहायक म्हणजे काचसामान धुऊन मांडून ठेवणारा माणूस, असे ज्यांना वाटते त्यांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

माझा प्रकल्प कोकमावर होता. ताज्या फळाच्या सालीत, मीठ आणि रस लावून उन्हात वाळवलेल्या आमसुलात आणि आगळात, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात, अँटिऑक्सिडंट द्रव्ये (मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारी द्रव्ये) किती उरतात, हे मोजायचे होते. त्यासाठी निवडलेली पद्धत सगळीकडे चालते तीच, डीपीपीएचची. हे जांभळे द्रव्य म्हणजे एक स्थिर मुक्त मूलक, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू. अर्कातील द्रव्यांनी त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग ओसरून पिवळेपणा येतो आणि तो किती ओसरला हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणाऱ्या यंत्रावर, ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचायचे. कागदावर ही चार ओळींची कृती आहे. ती घेऊन मी आपल्याकडे रसायने मागायला आले, तेव्हा यादी बाजूला सारून आपण एवढेच विचारलेत, "कोकम मुळात लाल. मग त्याचा स्वतःचा रंग कुठे वजा करणार?"

या प्रश्नासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातील द्रव्यांचा असतो आणि आम्लधर्मी द्रावणात ही द्रव्ये ५१५ ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक प्रकाश शोषतात, म्हणजे नेमके तिथेच जिथे आपण डीपीपीएच वाचतो. यंत्राला जांभळा कोणता आणि लाल कोणता हे कळत नाही. ते दोहोंची बेरीज दाखवते. समजा नुसत्या डीपीपीएचचे रीडिंग ०.९० आले, अर्क घातल्यावर ०.४५ उरले, तर निम्मे मूलक निष्प्रभ झाले असा हिशेब निघतो. पण त्या ०.४५ मधील ०.१५ कोकमाच्या रंगाचे असेल, तर डीपीपीएचचे उरले फक्त ०.३० आणि उत्तर ५० टक्के नसून जवळजवळ ६७ टक्के. विनोद असा, की रंग वजा केला नाही तर साल जितकी लाल, तितकी ती निकामी ठरण्याची भीती. म्हणून अर्काच्या प्रत्येक तीव्रतेसाठी एक जादा परीक्षानळी, तितकाच अर्क पण डीपीपीएचऐवजी निव्वळ मेथेनॉल, ही शिस्त आपण पहिल्या दिवसापासून लावलीत. कृतीच्या छापील कागदांवर ही नळी पुष्कळदा नसते.

बाकीच्या गोष्टी आपण न बोलता करून दाखवल्यात. १०० मिलिलिटर मेथेनॉलला डीपीपीएच लागते जेमतेम ४ मिलिग्रॅम, त्यामुळे तराजूजवळचा पंखा आधी बंद. फ्लास्कला लगेच फॉइल, कारण उजेडात हे द्रावण टिकत नाही. मिश्रण अर्धा तास टेबलाच्या खणात. क्युव्हेट, म्हणजे यंत्रात ठेवायची द्रावणाची छोटी चौकोनी नळी, धरायची ती खरबरीत बाजूंनी. एकूण फिनॉलिक द्रव्ये (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा एक मोठा गट) मोजायच्या, त्यांच्यामुळे निळ्या होणाऱ्या फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मकाची पिवळी बाटली हिरवट दिसू लागली की ती तुम्ही काढून टाकत होतात, कितीही महाग असली तरी. या अभिकर्मकाचा मूळ शोधनिबंध १९२७ चा आणि तो टायरोसीन व ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी होता. फिनॉलिक द्रव्यांसाठी तो १९६५ नंतर रुळला. क जीवनसत्त्व आणि काही शर्करासुद्धा त्याला निळा रंग देतात. त्यामुळे 'एकूण फिनॉल' असे ठळक लिहून मोकळे होण्याऐवजी 'गॅलिक आम्लाच्या तुलनेत' एवढे तरी लिहावे, हा आपला आग्रह होता आणि तो मला आजही योग्य वाटतो.

आमसुलाची गोष्ट तर कोणत्याच पुस्तकात मला सापडली नव्हती. सुके वजन काढायला मी निघाले तेव्हा आपण आमसूल बोटांत चोळून त्याचे पांढरे मीठ मला दाखवलेत. प्रति ग्रॅम आकडा काढताना ते मीठही ग्रॅमात धरले जाते आणि आमसूल उगाच कमी भरते; उन्हाने गेलेला रंग आणि मिठाने वाढलेले वजन ही दोन वेगळी कारणे आहेत. म्हणून राखेतील क्लोराईडचे सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन करून मीठ वेगळे काढले आणि मगच साल व आमसूल शेजारी मांडले. ताज्या सालीचे मूल्य तरीही वरचढ राहिले, पण फरक आधी दिसत होता त्याहून बराच कमी भरला.

एका गोष्टीत आपण मला थोडे नाराजही केले होतेत. आगळ तयार करणाऱ्या एका उद्योजकांनी हे आकडे बाटलीच्या लेबलवर छापण्यासाठी मागितले होते आणि मला त्याचे कौतुक वाटत होते. आपण म्हणालात, "हे नळीतले आकडे आहेत, पोटातले नव्हेत." अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची, म्हणजे अशाच नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची, आपली यादी २०१२ मध्ये काढून घेतली, कारण प्रयोगशाळेतील मूल्यांवरून शरीरावरील परिणामाचे दावे केले जात होते, हे मला नंतर वाचायला मिळाले. आकडे आम्ही लेबलसाठी दिले नाहीत. आगळ करताना उष्णता कमी ठेवली तर रंग अधिक टिकतो, एवढी उपयोगाची माहिती मात्र त्यांना कळवली.

आता एक विनंती. द्रावणांची प्रमाणे, बाटली उघडल्याच्या तारखा आणि 'रंगीत अर्क: जादा नळी' अशा सूचना असलेली आपली निळ्या पुठ्ठ्याची वही अजून तराजूच्या खालच्या कपाटात आहे. नव्या वर्गासाठी तिची प्रत काढून वर आपले नाव घालावे असे आमच्या मनात आहे. आपली हरकत नसेल तर तसे कळवावे, आणि काही पाने बदलायची असतील तर एखाद्या दुपारी येऊन जावे. प्रबंधाची प्रत तेव्हाच आपल्या हाती देईन.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
कोकमाच्या प्रकल्पाची विद्यार्थिनी