रविवारच्या हॉकी मॅचची टीम आणि प्रॅक्टिस
मंडळी, रविवारचे १६ जण शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकतो. सिलेक्शन प्रॅक्टिस बघूनच होणार, म्हणजे नेहरूनगरच्या टर्फवर महिनाभरात कोण किती वेळा आलं आणि बॉल गेल्यावर मागे कोण पळालं ते, पूर्वी कोण कुठे खेळलंय ते नाही. वय सगळ्यांचंच झालंय, स्पीड कुणी मागत नाहीये, पण १५ मिनिटांचे ४ क्वार्टर असतात आणि रोलिंग सब, म्हणजे खेळ चालू असतानाच खेळाडू बदलणं, कितीही वेळा करता येतं, तर दमलात की हात वर करून बाहेर या ना, आत नुसतं चालत राहिलात की हाफवाल्याला (मधल्या फळीतल्याला) एकट्याने दोघांना अडवावं लागतं. मागच्या मॅचला हेच झालं आणि बेंचवर ४ जण ताजे बसलेले, खरंच वाईट वाटलं. गोलकीपरने पॅड बांधायला अर्धा तास आधी यावं. जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत सांगा.