मनीचा श्रावण

नाशिक,
श्रावण शुद्ध चतुर्थी

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. माईंचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतो आहे. मनीबद्दलची काळजी दुसऱ्या कोणाला सांगितली, तर 'एका मांजराचे काय एवढे' म्हणून विषय संपेल, म्हणून तुलाच लिहितो.

श्रावण लागताच माईंनी ठरवले की महिनाभर मनीचेही सामिष खाणे घरात येणार नाही. तिला दूध-पोळी द्यायची. पंचवटीच्या वाड्यातील सगळ्या मांजरी दूध-पोळीवरच वाढल्या, असे त्या मनापासून सांगतात. त्या मांजरी रात्रभर कोठीत उंदीर मारत असत, हे तुलाही आठवत असेल. मनी तिसऱ्या मजल्यावर राहते. ताटलीत आपण ठेवू तेवढेच तिला मिळते.

मांजराला मांस लागते, कारण टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि दूध-पोळीतून ते भरून निघत नाही. ते कमी पडले तर दृष्टी जाते, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हृदयाच्या या विकाराशी असलेला टॉरिनचा संबंध १९८७ साली दाखवून दिला, तोही विकतचे खाणे खाणाऱ्या मांजरांत. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले. कुत्र्याचे खाणे मांजराला चालते, हा तुझा जुना हट्ट मी अजूनही मान्य करणार नाही. कुत्र्याचे शरीर टॉरिन बनवू शकते, त्यामुळे त्याच्या खाण्यात ते मांजराच्या गरजेइतके असेलच असे नाही. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही.

नुसते उकडलेले चिकनही पुरत नाही, कारण हाडांशिवाय कॅल्शियम फार कमी पडते. म्हणून प्रौढ मांजरासाठी संपूर्ण आहार असे छापलेलेच पाकीट मी घेतो. कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर ३२ टक्के प्रथिने आणि ओल्या खाण्याच्या पाऊचवर १० टक्के पाहून माईंना पाऊच म्हणजे लूट वाटते. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असते, ते वगळले तर प्रथिने ५० टक्के भरतात, आणि दाण्यांतले १० टक्के पाणी वगळून जेमतेम ३६. मांजर मुळात पाणी कमी पिते, त्यामुळे ओल्या खाण्यातले ते पाणीही तिच्या कामाचे असते. कांदा-लसूण मात्र तिला विषासारखा, तांबड्या रक्तपेशी फोडणारा. तेवढ्यापुरते माईंचे व्रत आणि मनीची प्रकृती यांचे पूर्ण जुळते.

खरी भीती वेगळीच आहे. मनी पोळी हुंगून निघून जाते आणि माई म्हणतात, 'भूक लागली की खाईल.' मनीसारखी अंगाने भरलेली मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. काल रात्री मी गॅलरीत तिला पाऊच उघडून दिले. माईंनी पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे कसे असते ते तू जाणतोस.

तुझ्या बदलीचे काय ठरले? वहिनींची परीक्षा झाली का? सविस्तर कळव.

माई माझे ऐकत नाहीत, तुझे ऐकतात. मनीची ताटली, चमचा आणि पाकिटे सगळे गॅलरीत राहील, स्वयंपाकघरात काहीही येणार नाही, एवढे त्यांना तूच सांग. रविवारी दुपारी जेवणानंतर फोन कर. तोवर मी तिला गॅलरीतच खाऊ घालतो.

तुझा,
विनायक