आधीचा नंबर किती होता?

दादा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं नाव मला अजून ठाऊक नाही. पावतीवर चष्म्याच्या दुकानाचं नाव आहे, खाली सही आहे, ती वाचता येत नाही. अंगात पांढरा कोट नव्हता, गळ्यात टेप घातलेल्या शिंप्यासारखे काउंटरमागे उभे होता, म्हणून मी तुम्हाला आधी सेल्समनच समजले. त्याबद्दल आधी माफी मागते, मग आभाराचं.

मी पतसंस्थेतली. जुलैच्या पावसात चाळिशीचा चष्मा करायला आले होते. तपकिरी फ्रेम, घासाघीस करून तेराशेवर आणली, पाचशे ॲडव्हान्स दिले. तुम्ही ती जड लोखंडी फ्रेम नाकावर चढवून काचा बदलत होता आणि मी म्हणाले, "उजवीकडची काच जरा पुसा ना, डाग आहे." तुम्ही पुसलीत. डाग तिथंच. मी पुन्हा म्हणाले, तुम्ही पुन्हा पुसलीत, या वेळी फडकं बदलून. मग काच काढून उजेडात धरलीत, ट्रेमध्ये ठेवलीत, आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात.

"ताई, डाग काचेला नाहीये. कधीपासून दिसतोय? आणि लॅसिक वगैरे झालंय का? आधीचा नंबर किती होता?"

आधीचा नंबर. सतरा वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

उजवा उणे नऊ, डावा साडेआठ. २००८ साली, लग्नाआधी, लॅसिक करून, म्हणजे लेझरने, नंबर घालवला. ज्यांनी घालवला त्यांनी हातात माहितीपत्रक दिलं, त्यावर समुद्रकिनाऱ्यावर हसणारी मुलगी होती. "आता तुमचे डोळे नॉर्मल," हे त्यांचं वाक्य मी इतकं जपलं की नंतर डोळे तपासायला कधी गेलेच नाही. घरी आईने पेढे वाटले होते.

खोटं होतं असं म्हणणार नाही, अर्धंच सांगितलेलं होतं. रोज खातेदारांच्या वह्या बघणारी मी, मला तरी हे सुचायला हवं होतं: पासबुकात बाकी शून्य दिसली म्हणजे खतावणीतलं कर्ज फिटलं असं नसतं. लेझरने बुबुळाचा आकार बदलला, चष्मा गेला. डोळ्याचा गोळा लांबलचक होता तो तसाच राहिला. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३-२४ मिलिमीटर असतो. पुण्यात मोजला तेव्हा माझा २७ भरला. तीन मिलिमीटर म्हणजे काय, तर माझ्या लेकीच्या कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या तीन बारीक रेघा.

तुम्ही मात्र पट्टी काढली नाहीत. म्हणालात, "कणकेचा गोळा तेवढाच आणि पोळी मोठी लाटली तर काय होतं?" मी म्हटलं, पातळ होते, काठाला फाटते. "तसंच. डोळा लांबला की आतला पडदा ताणला जातो. कडेला विरतो, तिथं भोक पडतं. भोकातून पाणी मागं शिरलं की पडदा भिंतीपासून सुटतो, ओल आलेल्या भिंतीवरच्या कागदासारखा." डोळ्यांच्या दवाखान्यांतून फिरले, तिथली रंगीत चित्रं पाहिली, पण मला समजलं ते या पोळीने.

आता थोडं दुसऱ्यांविषयी लिहिते. तुमच्याकडे येण्याच्या तीन दिवस आधी मी एका चांगल्या मोठ्या दवाखान्यात हेच सांगितलं होतं, की डोळ्यासमोर अचानक काळ्या माश्या दिसायला लागल्यात. टॉर्च मारून चाळीस सेकंदांत उत्तर आलं: वय झालं की सगळ्यांनाच दिसतात, मोबाईल कमी बघा. डोळ्यात थेंब नाहीत, बाहुली मोठी करणं नाही, आधीचा नंबर विचारणं नाही. पडदा कडेपर्यंत बघायचा तर बाहुली मोठी करावीच लागते, हे आता मला पाठ आहे. फी मात्र पूर्ण घेतली, पावती सुबक छापील होती. माश्या सगळ्यांना दिसतात हे खरंही आहे. पण वर्षानुवर्षं तरंगणारा एखादा ठिपका निराळा आणि एका दिवसात अचानक उधळलेली मूठभर मोहरी निराळी, हा फरक त्यांना माहीत नव्हता असं मला वाटत नाही. त्यांना विचारायला वेळ नव्हता.

तुम्ही गल्ला उघडलात आणि माझे पाचशे परत दिलेत. "चष्मा आज करत नाही. आधी रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा, आजच." मी म्हटलं, दुखत तर नाहीये, रविवारी मिस्टरांना सुट्टी असते. तर म्हणालात, "पडद्याला दुखायची सोयच नाही, ताई. दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात."

मग ती चिठ्ठी. बिलबुकातलं एक पान फाडून, उलटं करून, लाल पेनने तुम्ही चार ओळी लिहिल्यात: "लॅसिकआधी −९. पाच दिवस नवीन काळे ठिपके, उजवा. कृपया आजच बाहुली मोठी करून कडेपर्यंत पडदा बघावा." 'आजच'खाली दोन रेघा. मागच्या बाजूला शाईत गणपतीचं चित्र आणि 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

वाईहून स्वारगेटची एसटी पकडली. खंबाटकीच्या बोगद्यात शिरल्यावर बाहेर काळोख झाला आणि उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली, धनुष्यासारखी वाकडी. मला वाटलं समोरच्या गाडीचा दिवा. डोळे मिटले तरी चमकली. चमकलं तर काय समजायचं तेही तुम्ही सांगून ठेवलं होतं (आतला गर पडद्याला ओढतोय), म्हणून भीती वाटली ती नेमकी वाटली. काळा पडदा सरकल्यासारखा दिसला तर एक मिनिट थांबायचं नाही, हेही सांगितलं होतंत. तो दिसत नाही ना, हे एकेक डोळा झाकून बघत मी कात्रजपर्यंत बसले. शेजारच्या मावशींना वाटलं असणार की बाई कुणाला तरी डोळा मारतेय.

पुढचं सगळं लिहीत नाही. रिसेप्शनवर पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळत होती. चिठ्ठी आत गेली, आणि मिळाली ती बसायला खुर्ची आणि डोळ्यात थेंब. वरच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखी फट होती आणि शेजारी विरलेली जागा. पडदा सुटलेला नव्हता. त्याच संध्याकाळी लेझरने भोवती कुंपण घातलं. ते पक्कं व्हायला दोनेक आठवडे जातात, तोवर मी घरात घागरसुद्धा उचलली नाही. सासूबाईंनी उचलली, हेही नोंदवून ठेवते. डॉक्टरांनी चिठ्ठी फाइलला लावली होती, मी मागून परत घेतली. ती आता माझ्या पर्समध्ये आहे.

नंतर घरी वाचत बसले तेव्हा कळलं की शंभरएक वर्षांपूर्वीपर्यंत पडदा सुटलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवायचे, आणि बहुतेकांचा डोळा जायचाच. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनँ म्हणून डॉक्टर होते, त्यांनी सांगितलं की दोष त्या फटीत आहे, फट शोधा आणि बंद करा. बरीच वर्षं त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. मला त्या गोनँसाहेबांचं फार बरं वाटलं. तेही तुमच्यासारखेच, डाग काचेला नाही म्हणणारे.

आणखी एक. निघताना तुम्ही विचारलंत, "मुलं किती? चष्मा आहे?" लेक दहाची, उणे साडेतीन, दर वर्षी एकाने वाढतोय. तिच्या चष्मेवाल्याचं उत्तर ठरलेलं: वाढीचं वय आहे, काच बदलू. आता डॉक्टरांनी तिला रात्री ॲट्रोपीनचे अगदी सौम्य थेंब सुरू केलेत, नंबर वाढायचा वेग कमी व्हावा म्हणून. धोतऱ्यात असतं तेच द्रव्य, हे ऐकून सासूबाईंनी आधी नकार दिला होता. धाकट्याला चष्मा नाही, त्याची रवानगी रोज दोन तास उघड्यावर. तैवानात २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम आहे म्हणे. चष्मा लागायच्या आधी या उन्हाचा उपयोग जास्त होतो. आमच्याकडे मोहीमबिहीम काही नाही, त्याचे आजोबा आहेत, ते त्याला घाटावर नेतात आणि मासे दाखवतात.

माझ्या आजोळी एक पोस्टमन होते. वाईट बातमीची तार वाचून दाखवली की ते लगेच सायकलवर बसायचे नाहीत. पाणी मागायचे. तहान लागलेली नसायची, हे आजीला माहीत होतं. घरातलं कुणीतरी उठून स्वयंपाकघरात जाईपर्यंत, भांडं वाजेपर्यंत ते ओट्यावर बसून राहायचे. तुम्ही स्टूल ओढून बसलात तेव्हा मला ते आठवले नाहीत. बोगद्यात आठवले.

मला आता दर सहा महिन्यांनी पडदा दाखवायचा आहे, जन्मभर. दुसरीकडे कुठं विरणारच नाही अशी खात्री कुणी देत नाही. ते ठीक आहे.

पुढच्या आठवड्यात दुपारी येते, लेकीला घेऊन. तपकिरी फ्रेम ठेवली असेल तर राहू द्या, या वेळी घासाघीस करणार नाही. उजव्या डोळ्यातला तो ठिपका अजून आहे. डॉक्टर म्हणाले, तो आता राहील, फिका होईल. तेव्हा मी सवयीने म्हणाले तरी काच पुसू नका.

आपली,
लाल चिठ्ठीवाली ताई