जुनं पुस्तक बांधायला देताना कटिंग नको म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आवडत्या लेखकाविषयी वाचक भरभरून लिहितात, आपणही ते आवडीनं छापता. कोल्हापूरकरांना त्यासाठी लांब जायला लागत नाही. वि. स. खांडेकर १९३८ साली इथं आले ते कायमचे, १९७४ चं ज्ञानपीठ मराठीत पहिल्यांदा आलं ते त्यांच्यामुळं. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, आनंद यादव कागलचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. या सगळ्यांच्या जुन्या आवृत्त्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आहेत. लेखकावर जीव असलेला माणूस कणा सुटलेलं असं एखादं पुस्तक मोठ्या प्रेमानं बाइंडिंगला टाकतो, आणि नेमका तिथंच घात होतो. लेखकाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, पुस्तकाच्या शिवणीबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

बाइंडिंगच्या दुकानात साधारणपणे काय होतं? जुना पुठ्ठा फाडून काढतात, कण्याच्या आत बोटभर अंतरावर वरून खालपर्यंत भोकं पाडून आडवी शिलाई मारतात, लाल-निळा पुठ्ठा चढवतात आणि कटरखाली घालून तीन बाजूंनी कडा साफ करतात. हिशेबाच्या वहीला हे काम उत्तम. पुस्तकाला मात्र नाही. आडव्या शिलाईत आतला समास दहा-बारा मिलिमीटर गिळला जातो. पुस्तक सपाट उघडत नाही, वाचणारा ते दाबून उघडतो आणि प्रत्येक पान शिलाईच्या रेषेवरच दुमडतं. कागद ताजा असेल तर तो हे सोसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत मिळेल त्या कागदावर छापलेल्या आवृत्त्या घ्या. लाकडाच्या लगद्याचा तो कागद स्वतःतल्याच आम्लानं पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. दोन-तीनदा दुमडला की शिलाईच्या रेषेवर पान तुटतं, तेही अक्षराला लागून. मग ते पुन्हा शिवायला समास उरत नाही. कटरचंही तसंच. एका कटिंगला प्रत्येक बाजूचे तीनेक मिलिमीटर जातात. दोनदा बांधलेल्या पुस्तकात पानांचे आकडे आणि समासात आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं टिपण अर्धं कापलेलं दिसतं ते यामुळं. दोष एकट्या बाइंडरचा नाही. गिऱ्हाइकानं ‘मजबूत करा’ एवढंच सांगितलेलं असतं, आणि दिलेल्या पैशात मजबूत म्हणजे आडवी शिलाई.

जुनं पुस्तक मुळात फर्म्यांचं असतं. कणा सुटला की वरून बघा, दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे गठ्ठे दिसतील. सोळा पानी फर्मा म्हणजे चार कागद मधोमध दुमडलेले. ३२० पानांच्या पुस्तकात असे २० फर्मे येतात. ते दुमडीतून शिवायचे, वरून टोचून नाही. दुमडीतून शिवलेलं पुस्तक टेबलावर आपोआप उघडं राहतं आणि समासाचा एक केसही जात नाही.

घरी करायचं तर सामान थोडंच लागतं. छिद्रं टोचायची एक बारीक आरी, चर्मकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडं मिळते. चप्पल लाइनच्या गावात तिची अडचण पडू नये. मेण चोळलेला सुती किंवा तागाचा दोरा, बोथट टोकाची सुई, सव्वा सेंटिमीटर रुंदीची सुती नाडी, आणि दाब द्यायला दोन फळ्या व दोन जी-क्लॅम्प. उद्यमनगरात स्क्रूचा प्रेस करून घेणारे हौशी लोकही आहेत. नाद म्हटल्यावर कोल्हापुरात असं होणारच, पण सुरुवातीला पाटा-वरवंट्याचं वजनही चालतं.

आधी जुनी शिवण आतून कापून फर्मे सुटे करायचे, ओढून नाही. कण्यावरचा जुना सरस निघत नसेल तर त्यावर खळीचा (शिजवलेल्या स्टार्चच्या चिकीचा, कृती पुढं आहे) जाड थर देऊन पंधरा मिनिटं थांबायचं, तो मऊ पडतो आणि बोथट सुरीनं खरवडता येतो. ज्या फर्म्याची दुमड फाटली असेल तिथं दीड सेंटिमीटर रुंद पातळ हातकागदाची पट्टी लावायची. इथं हौसेनं घोटाळा होतो. प्रत्येक कागदाला पट्टी लावली तर कणा पुस्तकाच्या दीडपट जाड होऊन पाचरीसारखा आकार येतो. पट्टी फर्म्याच्या सर्वांत बाहेरच्या आणि सर्वांत आतल्या कागदालाच. मधले दोन कागद दोऱ्यानं धरले जातात.

डेमी म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराला दुमडीवर सहा छिद्रं पुरतात. वरून-खालून दीड-दीड सेंटिमीटर सोडून एकेक, आणि मध्ये दोन नाड्यांच्या दोन्ही अंगांना दोन-दोन. सगळे फर्मे एकत्र ठोकून कण्यावर पेन्सिलीनं एकदमच रेघा मारल्या की छिद्रं समोरासमोर येतात. पहिल्या फर्म्यात सुई टोकाच्या छिद्रातून आत, दुसऱ्यातून बाहेर, नाडीवरून उडी मारून तिसऱ्यातून आत, असं शेवटपर्यंत. दुसरा फर्मा वर ठेवून उलट्या दिशेनं यायचं आणि सुरुवातीला सोडलेल्या शेपटाशी गाठ मारायची. तिसऱ्या फर्म्यापासून टोकाला आलं की सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून घालून फासा घ्यायचा. हा फासाच फर्म्याला फर्मा बांधतो, तो विसरला तर नाड्यांपाशी पुस्तक घट्ट आणि दोन्ही टोकांना फुललेलं राहतं. दोरा ओढायचा तो कण्याच्या लांबीच्या दिशेनं. स्वतःकडं ओढला की छिद्राची चीर होते आणि दुमड फाटते, नवशिक्यांची निम्मी पुस्तकं इथंच बिघडतात. वीस फर्म्यांना साडेचार मीटरच्या आसपास दोरा जातो. एकदम तेवढा घेऊ नये, सारखा कागदातून घासून तो पिंजतो. मीटर-मीटरचे तुकडे घ्यावेत आणि जोडगाठ आतल्या बाजूला ठेवावी.

आता खळ. पांढरा सिंथेटिक गोंद हाताशी असतो म्हणून सगळेच वापरतात. कण्याला तो चालेल, पानाच्या दुरुस्तीला नाही. एकदा वाळला की पाण्यानं सुटत नाही, पुढं कोणाला दुरुस्ती करायची झाली तर पानासकटच निघतो. सेलोटेप तर हद्दच झाली. काही वर्षांनी फिल्म गळून पडते, चिकटा कागदात मुरून तपकिरी होतो आणि तो पट्टा अक्षरांवर कायमचा राहतो.

सर्वांत चांगली खळ आपल्या घरी उन्हाळ्यात तयारच असते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात तो गव्हाचा जवळजवळ शुद्ध स्टार्च. मीठ-हिंग पडायच्या आत त्यातली वाटीभर बाजूला काढावी. गहू तीन दिवस भिजलेले असल्यानं चीक आंबूस असतो, म्हणून दोनदा ताजं पाणी घालून ढवळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. मग एक भाग चिकाला पाच भाग पाणी घालून मंद आचेवर वीसेक मिनिटं, सतत हलवत. आधी पांढरा, मग घट्ट, मग काचेसारखा झाला की उतरवायचा. गार झाल्यावर धोतराच्या फडक्यातून दाबून काढायचा, नाहीतर गुठळी पानाखाली फोडासारखी दिसते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. वास आला की टाकून द्यायचा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. त्यानं कीड येत नाही हे खरं, पण मोरचूद विषारी आहे आणि त्यातलं तांबं कालांतरानं कागदालाच खातं. ताजी खळ करणं बरं.

विचारवंतांच्या भाषणांच्या पुस्तिका ही आणखी वेगळी तऱ्हा. ३२ नाहीतर ४८ पानं, मधे दोन स्टेपल पिना. कपाटात जागा कमी घेतात म्हणून त्या शिल्लक राहतात, आणि आपल्या चार महिन्यांच्या दमटपणात पिनांना गंज चढून त्याच भोकांतून आतली पानं सुटतात. उपाय दहा मिनिटांचा आहे. पिनेची टोकं आतून बोथट सुरीनं उभी करायची, मग पाठीकडून पीन उचलायची. चिमट्यानं हिसकली तर गंजलेलं भोक रुपयाएवढं होतं. मग तीन छिद्रं. मधल्यातून सुई आत न्यायची, वरच्यातून बाहेर, पाठीवरून थेट खालच्यातून आत, आणि परत मधल्यातून बाहेर. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. जुन्या पिनांची भोकं वापरू नयेत, तिथला कागद आधीच मेलेला असतो.

अलीकडची पुस्तकं मुळात शिवलेलीच नसतात. कण्याला गरम गोंद लावलेला असतो, तो कडक होऊन तडकतो आणि पानं एकेक हातात येतात. तिथं पानं नीट ठोकून फळ्यांत धरायची, कणा पंख्यासारखा एका बाजूला वाकवून पांढरा गोंद लावायचा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. त्यामुळं प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर गोंद पोचतो. नुसता वरून फासला तर कागदाची कडच चिकटते, आणि पहिल्या वाचनात पुन्हा तेच.

पावसाळ्याचं थोडक्यात. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते आणि इथं जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते कपाटात ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान चार बोटं पुढं हवं आणि पुस्तकं दाटीनं खुपसलेली नकोत. सिलिका जेलच्या पुड्या रंग पालटल्यावर तापवून पुन्हा वापरता येतात, पण उघड्या कपाटात त्यांचा काही उपयोग नाही. कडुनिंबाचा ओला पाला पानांत घालणारे स्वतःच ओल आत नेतात. वेखंडाची पुरचुंडी चालेल, पण तिच्या भरवशावर राहू नये. कसर लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर गार पानांवर दव धरतं. उन्हात वाळवणं नकोच, पुठ्ठा वाकडा होतो आणि कागद आणखी पिवळा पडतो.

राहिला पूर. २००५, २०१९, २०२१ नंतर भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं हे इथल्या माणसाला माहीत असायला हवं. ४८ तासांत बुरशी यायला लागते, तेवढाच अवधी. चिखलानं माखलेलं छापील पुस्तक बंद धरून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून चिखल सोडवायचा, चोळायचं नाही. शाईनं लिहिलेली वही मात्र पाण्यात घालायची नाही. मग पुस्तक उभं करून पानं किंचित फाकवायची, पंखा बाजूनं लावायचा आणि दर पंधरा-वीस पानांत कोरा कागद घालून तो दोन-तीन तासांनी बदलत राहायचं. छापलेलं वर्तमानपत्र घालू नये (आपली क्षमा मागून लिहितो), त्याची शाई उतरते. दिवाळी अंकांतला गुळगुळीत आर्ट पेपर सर्वांत अवघड. तो ओला असतानाच प्रत्येक पान सुटं करून मेणकागद घालावा लागतो, एकदा चिकटून वाळला की त्याची वीट होते. एवढी पुस्तकं एकदम हाताळणं शक्य नसेल तर भिजलेलीच पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकावीत. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही. मग सवडीनं एकेक काढून वाळवावं.

बुरशी आलेलं पुस्तक घरात झटकू नये. गच्चीवर, तोंडाला एन-९५ मास्क लावून, पूर्ण वाळल्यावरच मऊ ब्रशनं झाडावं. ओली बुरशी पुसली की ती कागदात आणखी आत जाते.

करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या शहरात ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी मेच्या सुटीत दुमडीच्या शिवणीचं दोन दिवसांचं प्रात्यक्षिक ठेवलं तर शिकवायला हौशी मंडळी मिळतील. तोवर दुकानात पुस्तक देताना एवढं सांगावं: फर्मे दुमडीतून शिवा, कटिंग करू नका, जुनं मुखपृष्ठ आत चिकटवू नका, सुटं परत द्या. शिवणीला वेळ लागतो, दुप्पट-तिप्पट पैसे पडतील, ते द्यावेत.

आणि नदीकाठच्या पेठांतल्या वाचकांसाठी एक. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. दोन्हींच्या मधे जो वेळ मिळतो त्यात आधी खालचे दोन कप्पे रिकामे करायचे. जाड पुस्तकं शेवटी, पुस्तिका आणि दिवाळी अंक आधी.

आपले,
पुस्तकबांधणीचा नाद असलेले काही वाचक,
कोल्हापूर