ॲपलॅचियन डोंगरांतून आई-बाबांना पत्र

ॲशव्हिल, उत्तर कॅरोलायना
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. माझी नणंद डिसेंबरमध्ये वाईला येईल, तेव्हा तिच्याबरोबर एक मोठी पिशवी पाठवीत आहे. तिच्यात एक गोधडी, एक छोटी केरसुणी आणि सफरचंदाच्या मुरंब्याच्या दोन बरण्या आहेत. हे सारे आमच्या शेजारच्या आजी-आजोबांनी आणि आजींच्या मैत्रिणींनी स्वतःच्या हातांनी करून तुम्हा दोघांसाठी दिले आहे. त्यांची किंमत किती आणि त्यांना उलट काय पाठवावे, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर मी देणारच आहे, पण येथे देण्याघेण्याची रीत कशी आहे ते आधी सांगायला हवे. नाहीतर तुम्ही हौसेने पैठणी पाठवाल आणि त्या बिचाऱ्या आजींना संकोचाने काय करावे ते सुचणार नाही.

आम्ही राहतो तो सगळा मुलूख ॲपलॅचियन डोंगरांचा. सरकारी व्याख्येप्रमाणे हा प्रदेश न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तर भागापर्यंत १३ राज्यांत पसरला आहे. मूळचे रहिवासी चेरोकी आणि इतर आदिवासी. मग अठराव्या शतकात उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड आणि जर्मनीकडून आलेली कुटुंबे, आणि त्यांच्याबरोबर गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकन माणसे. दरीदरीतून विखुरलेल्या या वस्त्यांना बाजार दूर आणि रोख पैसा दुर्मीळ होता. त्यामुळे अंथरूण-पांघरूण, टोपल्या, खुर्च्या, वाद्ये, मुलांची खेळणी हे सारे घरातच होई आणि जे जास्त होई ते शेजाऱ्याकडे जाई. अमेरिकेच्या इतर भागांतले लोक या डोंगरी माणसांची मागासलेले म्हणून फार थट्टा करतात. माझ्या रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मला त्या थट्टेचा राग येतो, कारण भाजीच्या पहिल्या बहरातली एक पिशवी माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता निघून जाणारी माणसे हीच आहेत.

आता गोधडीविषयी. आई, तुला तिच्यातले काम पाहून समाधान वाटेल. आजींच्या चर्चच्या तळघरात आठवड्यातून एकदा दहा-बारा बायका जमतात आणि मीही सुटी मिळेल तेव्हा जाते. वरचा थर लहान तुकडे जोडून केलेला, मध्ये कापसाचा थर आणि खाली साधे कापड असे तीन पदर एका लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. मग चारी बाजूंनी बसून सगळ्या जणी एकाच वेळी धावदोरा घालत आत सरकतात. पूर्वी घर एका खोलीचे असे, म्हणून ही चौकट आढ्याला दोऱ्यांनी टांगत आणि रात्री झोपायची वेळ झाली की वर ओढून घेत. उत्तम शिवणाऱ्या बाईचे इंचात दहा टाके बसतात. माझे त्याच्या निम्मे बसत असावेत, पण ते कोणी उसवत नाही; निदान माझ्या देखत तरी नाही. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थरच आत असतात आणि येथे कापूस असतो, एवढा फरक सोडला तर तुला यात परके काही वाटणार नाही.

तुमच्यासाठी त्यांनी लॉग केबिन नावाचा नमुना निवडला. मध्ये एक लहान चौकोन आणि त्याच्या भोवती ओंडक्यांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पट्ट्या, अर्ध्या फिक्या आणि अर्ध्या गडद. मधला चौकोन लाल ठेवण्याची जुनी चाल आहे आणि तो घरातल्या चुलीचा विस्तव, असे बायका सांगतात. आई, ते लाल चौकोन तुझ्या जुन्या सुती इरकलीचे आहेत, जी मी येताना आणली होती. आजींनी ती आधी गरम पाण्यात भिजवून रंग जातो का ते दोनदा पाहिले, कारण एका कापडाचा रंग गेला तर सगळी मेहनत वाया जाते. काही फिकट फुलाफुलांच्या पट्ट्या आजींच्या आईच्या पेटीतल्या आहेत. सन १९३०च्या सुमारास पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य छापील सुती पिशव्यांत विकले जाई आणि त्या पिशव्या उसवून बायका झगे आणि गोधड्या शिवत. आवडीच्या छापाच्या पिशव्या मिळाव्यात म्हणून नवऱ्याला दुकानात नेमकी कोणती थप्पी उचलायची ते बजावून पाठवत, असे आजी हसत सांगतात.

मुरंब्यात लोणी किंवा दूध नाही, म्हणून बाबांच्या पथ्याला अडचण नाही. साखर मात्र आहे, तेव्हा बेताने घ्यावा. ऑक्टोबरमध्ये सफरचंदे उतरली की अंगणात लाकडांच्या जाळावर मोठा तांब्याचा हंडा चढवतात. लांब दांड्याच्या लाकडी उलथन्याने तो दिवसभर न थांबता ढवळावा लागतो, नाहीतर तळाला लागतो. त्यामुळे हे एका घराचे काम राहत नाही. ज्याने ढवळले त्याच्या घरी बरण्या जातात, आणि जो आजारी असल्यामुळे आला नाही त्याच्याही घरी जातात. काचेच्या बरण्या मात्र धुऊन परत देण्याची येथे सक्त रीत आहे (झाकणे एकदाच वापरायची, ती परत नकोत). बरणी रिकामी परत करण्यास मला आपल्या घरच्या सवयीमुळे जड जाते, म्हणून मी तिच्यात चिवडा भरून देते आणि आजोबांना तो आता इतका आवडतो की बरण्या जरा लवकर लवकर येऊ लागल्या आहेत. तुमच्या बरण्या वाईहून परत पाठवायच्या नाहीत, हे त्यांनी मला मुद्दाम सांगायला सांगितले आहे.

अशा चालीरीती पुष्कळ आहेत. नवा धर्मोपदेशक किंवा नवे जोडपे गावात आले की प्रत्येक घराने एकेक पौंड काहीतरी, म्हणजे पीठ, साखर, लोणी, कॉफी, नेऊन द्यायचे आणि त्यांचा संसार उभा करायचा, ही एक जुनी चाल. लग्नाच्या केकविषयीही एक कथा सांगतात: वाळवलेल्या सफरचंदांचे सारण भरलेला थरांचा केक असतो आणि त्याचा एकेक थर एकेका शेजारणीने आणायचा. मला ती कथाच वाटते, कारण हा केक दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय खाण्याजोगा होत नाही, मग लग्नाच्या मांडवात तो रचून काय उपयोग?

गेल्या वर्षीच्या वादळात तुम्ही रोज फोन लावीत होता आणि तो लागत नव्हता, त्या दिवसांविषयी मी तुम्हाला पुरते कधी लिहिले नाही. हेलीन वादळ २७ सप्टेंबर २०२४ला येथे आले आणि या राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. फ्रेंच ब्रॉड नदीने काठावरच्या कलाकारांच्या वस्तीचा पुष्कळ भाग धुऊन नेला, रस्ते तुटले, काही दऱ्यांत खेचरांवरून सामान न्यावे लागले. ॲशव्हिलच्या नळाचे पाणी पिण्यायोग्य झाल्याचे शहराने जाहीर केले ते १८ नोव्हेंबरला. वीज नव्हती, तेव्हा आजी-आजोबांच्या तळघरातल्या शेंगांच्या आणि टोमॅटोच्या बरण्यांवर आमची गल्ली जेवली, आणि पिण्याचे पाणी त्यांच्या वरच्या झऱ्यावरून आले. आम्ही त्यांना काय दिले? यांनी आजोबांचे छप्पर ताडपत्रीने झाकायला मदत केली आणि मी रोज रक्तदाब मोजत होते. हिशेब कोणी मांडला नाही. त्या हिवाळ्यात बायकांनी आपल्या साठवणीतल्या गोधड्या घरे गेलेल्या कुटुंबांना वाटून टाकल्या, त्यांत लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्याही होत्या. तुमच्यासाठीची गोधडी म्हणूनच वर्षभर उशिरा आली.

बाबा, किंमतीच्या तुमच्या प्रश्नाकडे येते. या भागातल्या हस्तकलेचा सगळा व्यापार एका भेटीतून सुरू झाला, हे तुम्हाला आवडेल. फ्रान्सिस गुडरिच नावाच्या चित्रकला शिकलेल्या मिशनरी बाई १८९०मध्ये ॲशव्हिलजवळच्या एका खोऱ्यात आल्या. काही वर्षांनी एका शेजारणीने त्यांना चाळीसेक वर्षांपूर्वी हातमागावर विणलेली, ओकच्या सालीने तपकिरी रंगवलेली चादर प्रेमाने दिली. ती पाहून आपल्या उत्तरेकडच्या मैत्रिणी अशा चादरी विकत घेतील असे त्यांच्या मनात आले आणि त्यातून ॲलनस्टँड नावाचा गृहोद्योग उभा राहिला, ज्याचे दुकान १९०८मध्ये ॲशव्हिल शहरात आले. पुढे १९३०मध्ये कारागिरांचा संघ स्थापन झाला. आज तो सदर्न हायलँड क्राफ्ट गिल्ड या नावाने ओळखला जातो. पुढच्याच वर्षी गुडरिच बाईंनी आपले चालते दुकान त्या संघाला देऊन टाकले. ते आजही चालू आहे. ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावरच्या फोक आर्ट सेंटरमध्ये ते आहे; तुम्ही आलात की मी तुम्हाला तेथे नेईन.

या गोष्टीची दुसरी बाजूही मी लिहिते, कारण तुम्ही इतिहास शिकवला आहे. बाहेरून आलेल्या शिकलेल्या बायकांनी डोंगरातल्या बायकांना जुने नमुने आणि वनस्पतींचे रंगच वापरा असे शिकवले, कारण उत्तरेच्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते. ज्या बायकांना गिरणीचे भडक कापड परवडू लागले होते आणि मनापासून आवडतही होते, त्यांना काय हवे हे फारसे कोणी विचारले नाही. तरीही त्या विणकामाच्या पैशांतून मुलांची शाळा आणि औषधपाणी झाले, हे खरेच आहे. येथून पश्चिमेला चेरोकी लोकांनी १९४६मध्ये आपली स्वतःची सहकारी संस्था, क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल, काढली. सन १८३८मध्ये त्यांच्या बहुतेक बांधवांना सैन्याने पश्चिमेकडे हाकलून दिले होते आणि जे डोंगरांत टिकले त्यांचे हे वंशज. नदीकाठच्या बांबूची त्यांची दुपदरी टोपली मी पाहिली: आतली आणि बाहेरची टोपली एकाच सलग विणीत, अक्रोडाच्या मुळांचा तपकिरी आणि ब्लडरूट नावाच्या रानवनस्पतीचा तांबूस रंग. तिची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त होती, आणि ती योग्यच होती. विकायला मांडलेल्या वस्तूची घासाघीस येथे मी करीत नाही, आणि भेट म्हणून आलेल्या वस्तूची किंमतही मी विचारीत नाही. आजींनाही ती विचारणे मला शक्य नाही.

केरसुणी आजोबांनी बांधली आहे. तिचे तुरे ज्वारीच्याच जातीच्या एका पिकाचे आहेत आणि दांडा त्यांनी स्वतःच्या रानातून तोडलेल्या माउंटन लॉरेल या झुडपाचा आहे. आई, तू पुढच्या लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहशील हे मी आजोबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ दांडा पुसत राहिले आणि मग म्हणाले की तसे असेल तर बांधणी आणखी घट्ट करून देतो. त्यांनी ती पुन्हा सोडून बांधली.

तेव्हा उलट काय पाठवायचे ते लिहिते. आई, गोधडी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवू नकोस. थंडीत रोज पांघरा. थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवायची, पिळायची नाही आणि सावलीत पसरून वाळवायची. ती पांघरलेला तुम्हा दोघांचा एक फोटो आणि तुझ्या हाताने मराठीत लिहिलेले पत्र पाठव. अर्थ मी सांगेन, पण अक्षर त्यांना तुझे पाहायचे आहे. ज्या बाईने सर्वांत जास्त टाके घातले तिला गुडघेदुखी आहे, तिची विचारपूस त्यात अवश्य कर.

बाबा, तुम्ही दर दिवाळीला कामट्यांचा आकाशकंदील करता त्याविषयी मी आजोबांना सांगितले आहे. ते टोपल्यांसाठी पांढऱ्या ओकचे सरळ, बिनगाठीचे झाड निवडून, वाढीच्या वलयांवरून त्याच्या पातळ पट्ट्या काढतात आणि तशाच पट्ट्यांचा कंदील बांधून पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. कृपया सांगाड्याची आकृती काढून, प्रत्येक कामटीची लांबी-जाडी आणि गाठ कोठे व कशी मारायची ते लिहून पाठवा. मापे इंचांत लिहा, सेंटिमीटर त्यांना जमत नाहीत. कागद मी येथे मिळवीन.

यांचा तुम्हा दोघांना नमस्कार. प्रकृतीस जपावे.

तुमची लाडकी,
मुलगी